सात संचालक आणि एक बारीक रेघ

तिसगावात असं बोललं जातं, की मोहियोद्दीन पेंटरच्या हुमेरानं सोनमाळ दूध संस्थेचे सात संचालक एका सकाळीत गायब केले. सलूनमध्ये ऐकाल, तर तिला वरून फोन आला होता. स्टँडवर ऐकाल, तर अध्यक्षांनी तिला आधीच आपल्या बाजूला करून घेतलं होतं. आणि पिठाच्या गिरणीतली बनुबाई पीठ उडवत सांगते, "अगं, कॉम्पुटरवर नुसतं बोट ठिवलं आन् सातीच्या सात पुसली! त्या पोरीच्या बोटात लई इद्या हाय."

तर आधी हे सरळ करून घेऊ. सातही संचालक होते तिथेच, फ्लेक्सवर, नावानिशी. फक्त त्यांना भेटायचं असेल तर फ्लेक्सला नाक लावून उभं राहावं लागत होतं. आणि हे हुमेरादीनं केलं नव्हतं. ती त्या दिवशी तिसगावातच नव्हती. पण तिचं अक्षर होतं, त्यामुळे निस्तरायचं तिलाच होतं.

हुमेरादी आमच्या शेजारची. भिंतीला भिंत. वय तीसच्या आतबाहेर, चाल भराभर, आणि बोलताना समोरच्याकडे न बघता त्याच्या मागच्या बोर्डाकडे बघायची सवय. ती अक्षरं करते. लिहीत नाही, करते. फॉन्ट. लोकांना हे समजावता समजावता तिची अर्धी पुण्याई खर्च झाली असेल. "अक्षरं तर हायेतच की, अजून कशाला करायची?" असं कुणी विचारलं की ती म्हणते, "चहा पण आहेच की. तरी रोज नवा टाकता ना?" तिची आई मुबारकबीचाची कपाळावर हात मारून सगळ्यांना सांगते, "ही पोरगी भाजी बघून भाजी घेत न्हाई, बोर्ड बघून घेते. बोर्ड चांगला, वांगी किडकी."

ही खोड आली अब्बांकडून. मोहियोद्दीनचाचांनी चाळीस वर्षं या भागातल्या दुकानांच्या पाट्या रंगवल्या. त्यांचा ब्रश चपटा. उभा काना ओढायचा असला की ब्रश रुंदीनं टेकवायचा आणि एका दमात खाली आणायचा. दोन बोटं जाडीचा काना तयार. शिरोरेषा ओढायची असली की तोच ब्रश, तोच हात, पण आता ब्रश आपल्या कडेवर चालतो, आणि रेघ उमटते सुतळीच्या एका धाग्याएवढी. या धाग्याच्या वेळी चाचा श्वास धरतात. तेव्हा त्यांना कुणी हाक मारली तर ते डोळे वटारतात, आणि रेघ संपल्यावर सोडलेल्या श्वासाबरोबर म्हणतात, "आता बोल. रेघ चालू असताना मानूस मेला तरी थांबायचं."

जाड काना, बारीक शिरोरेषा. हुमेरादी हे बघत मोठी झाली. नगरला शिकली, मग पुण्यात एका फॉन्टच्या कंपनीत लागली. तिथे मोबाईलसाठी अक्षरं करायची. सगळीकडून सारख्या जाडीची, कुठेच चूक नाही आणि कुठेच कुणी राहत नाही अशी. "वीजबिलाची अक्षरं," असं ती म्हणते. सहा वर्षं तिनं वीजबिल केलं आणि उरलेल्या वेळात स्वतःचं एक अक्षर काढायला घेतलं. त्याचं नाव खांब.

खांबमध्ये काना खरंच खांबासारखा आहे आणि बाकीचं सगळं त्या खांबांना बांधलेल्या तारेसारखं. ऐकायला सोपं वाटतं. पण आपल्या अक्षरांत सगळ्यांनाच कुठे काना असतो? 'म'ला आहे, 'ग'ला आहे. 'ठ'चं काय करणार, 'ह'चं काय करणार? तर तिनं 'ठ'चं वजन पोटात घातलं आणि 'ह'चं कमरेत. शिरोरेषा बारीक केली तर सगळी ओळ आता तुटते की मग अशी लोंबकळायला लागली. मग जिथे रेघ खांबाला भेटते तिथे तिनं तिला किंचित भरलं. तेवढ्यानं अख्खी ओळ घट्ट बसली. जोडाक्षरं धरून सातशेच्या वर आकार आणि दोन वर्षं. मी एकदा विचारलं, "सगळ्यात अवघड कुठलं?" तर म्हणाली, "जे तुला सोपं वाटतंय ते."

हे अक्षर मोठं लावलं की काय होतं ते आमच्या जत्रेत सगळ्यांनी बघितलं. कुस्त्यांच्या पोस्टरवर तिनं फोटो नाही, तलवारी नाहीत, गुलाल नाही, एकच शब्द टाकला, कुस्त्यांच्या मैदानाला आमच्याकडे म्हणतात तो, 'हगामा', कडेपासून कडेपर्यंत. त्या 'ह'ची कंबर आणि चार जाड खांब बघून पैलवानांनीच पोस्टरपाशी उभं राहून दंड फुगवून फोटो काढले. जत्रा झाली, पण पोस्टर कुणी फाडलं नाही. शेळीनंही नाही.

तेच पोस्टर बघून दूध संस्थेचे अध्यक्ष वाल्मिकभाऊ चाचांच्या दुकानात आले. वाल्मिकभाऊ प्रत्येक वाक्याच्या शेवटी शिक्का मारतात. "पोस्टर मी गाडीवरनं वाचलं. गाडी थांबवली न्हाई. तरी वाचलं. काय समजलं?" हुमेरादी म्हणाली, "समजलं भाऊ." भाऊ म्हणाले, "आपले तीन टँकर हायेत. बावीस संकलन केंद्रं हायेत. सगळ्यावर सोनमाळ ह्या अक्षरात पायजे. पन एकटा मी ठरवत न्हाई. वार्षिक सभेचा फ्लेक्स ह्या अक्षरात कर, सभेत चौदाच्या चौदा संचालकांनी हात वर केला की काम तुझं. काय समजलं?"

तिला यातलं किती समजलं ते तिच्या घरातल्यांना आणि भिंतीपलीकडे आम्हाला माहीत होतं. पुण्याच्या कंपनीनं तिला घरून काम करायची मुभा दिली होती, ती संपत आली होती. एक तारखेला खुर्चीत येऊन बसा, नाहीतर राजीनामा द्या. दुधाचं काम मिळालं तर ती तिसगावात, अब्बांच्या दुकानावरच्या खोलीत, स्वतःच्या अक्षरासह राहणार होती. नाही मिळालं तर पुन्हा वीजबिल.

तिनं फ्लेक्स केला. वर 'सोनमाळ', खांबमध्ये, माणसाएवढं. खाली चौदा संचालकांची नावं एका साध्या, ठसठशीत अक्षरात. फाईल सहादेव फ्लेक्सवाल्याकडे दिली आणि टँकरच्या रंगाचे नमुने बघायला ती नगरला गेली.

ती गाडीत बसली असेल-नसेल, तोवर भागवततात्या सहादेवाच्या दुकानात. तात्या संचालक, आणि अध्यक्षांच्या विरुद्ध गटाचे म्होरके. तात्यांचं प्रत्येक वाक्य 'मी काय म्हन्तो'नं सुरू होतं आणि बहुतेक वाक्यं 'ह्यो अन्याव हाय'नं संपतात. मधे काय असेल ते ज्याचं त्यानं ऐकून घ्यायचं.

"मी काय म्हन्तो सहादेवा, वर संस्थेला राजवाड्याचं अक्षर आन् खाली आमाला रेशनकार्डाचं? ह्यो अन्याव हाय."

सहादेवाच्या तोंडात कायम बडीशेप आणि एकच वाक्य. "टेन्शन घिऊ नका तात्या."

आता तुम्ही म्हणाल, सहादेवानं हुमेरादीला फोन करायचा. पण तुम्ही आमच्याकडचे फ्लेक्स बघितले आहेत का? इथे फोटो टेपनं मोजतात. एकाचं डोकं दुसऱ्यापेक्षा बोटभर मोठं आलं तर दोन घरांचं जेवण बंद होतं. कुणाचं नाव कुणाच्या वर, कुणाच्या नावामागे 'मा.' आणि कुणाच्या मागे 'श्री.', यावर पार्ट्या फुटल्या आहेत. तेव्हा सहादेवानं जे केलं ते इथला कुठलाही शहाणा माणूस करेल. चौदाही नावं निवडली आणि एका क्लिकमध्ये खांब करून टाकली. सगळ्यांना सारखा मान. टेन्शन न्हाई.

बाजारच्या दिवशी सकाळी फ्लेक्स स्टँडसमोर लागला.

वरचं 'सोनमाळ' बघून माणसं थांबत होती. खाली बघून मात्र डोळे चोळत होती. डावीकडची सात नावं पांढऱ्यावर निळी होती. ती आजारी दिसत होती, पण ओळख पटत होती. उजवीकडची सात गडद निळ्यावर पांढरी होती. फ्लेक्सची शाई कडेनं जरा पसरतेच. तेवढ्या बारीक पांढऱ्या रेघा त्या निळ्यानं गिळून टाकल्या. शिरोरेषा गेली, वळणं गेली, उरले ते फक्त काने. आणि उजवीकडचे सातही जण, योगायोगानं म्हणा, तात्यांच्या गटाचे.

तात्या हायवेच्या पलीकडे उभे. हात कपाळावर. "मी काय म्हन्तो, माझं नाव कुठं हाय?"

चहाच्या टपरीवरून कुणीतरी ओरडलं, "तात्या, ते काय! वरनं तिसरं कुंपन!"

'भागवत' म्हणजे 'भ'चा एक, काना एक, 'ग', 'व', 'त'चा एकेक. पाच उभी दांडकी. अख्खा बाजार हसला. तात्या हसले नाहीत. "आमाला पुसलं! दिवसाढवळ्या पुसलं! ह्यो अन्याव हाय!" दुपारपर्यंत ही बातमी गिरणीत पोहोचली, आणि तिथून बनुबाईची इद्या सुरू झाली.

वाल्मिकभाऊ चाचांच्या दुकानासमोर गाडी बंद न करताच म्हणाले, "पेंटर, पोरीला सांगा. चार दिवसांनी सभा हाय. तात्याच्या गटाचे हात वर झाले न्हाईत तर जुनंच अक्षर. काय समजलं?"

संध्याकाळी हुमेरादी नगरहून उतरली ती थेट फ्लेक्ससमोर. आम्हाला वाटलं रडेल, निदान ओरडेल. तिनं जवळून बघितलं. मग रस्ता ओलांडून पलीकडून बघितलं, मान तिरकी करून. मग सहादेवाच्या दुकानात शिरली आणि शांतपणे म्हणाली, "सहादेवभाऊ, तुम्ही पैठणी नेसवून बाईला ऊस तोडायला पाठवलंत."

सहादेवाची बडीशेप थांबली. "मंग आता बारीक रेघ जरा जाड करून टाक ना सगळीकडं. टेन्शन न्हाई."

"बारीक रेघ जाड केली तर जाड रेघेला जाड कोण म्हणेल?"

"मंग नावं परत साध्यात घेऊ."

"घेऊ. मग तात्या हात वर करणार?"

सहादेवानं पुन्हा बडीशेप चघळायला घेतली. याचं टेन्शन मात्र त्यालाही होतं.

चाचांनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाले, "अक्षराचा दोष न्हाई. जागेचा दोष हाय. मी डब्यावर नाव घालायचो तेव्हा रेघ जाडच ओढायचो. मोठ्या भिंतीवर बारीक. हाताला आपोआप कळतं. तुझ्या कॉम्पुटरला कळत न्हाई, त्याला तू सांग."

हुमेरादीनं अब्बांकडे बघितलं, आणि त्यांच्या मागे कुठलाही बोर्ड नसताना बघत राहिली. मग वर गेली.

पुढचे चार दिवस तिनं खांबचा धाकटा भाऊ काढला. सगळे सातशे आकार नाहीत. चौदा नावांना लागतील तेवढीच अक्षरं आणि मात्रा. मी खिडकीतून बघत होते. शिरोरेषा तिप्पट जाड झाली. काने जरा वाळले. 'व'चं पोट फुगवून मोकळं केलं, म्हणजे शाई पसरली तरी आत जागा उरावी. दोन अक्षरांमधली फट वाढवली. वळणं मात्र तीच, कमरा त्याच, कोपरे तेच. स्क्रीनवर ते सगळं एवढं मोठं दिसत होतं, आणि मला ते भयंकर दिसलं.

"ई! हे तर ठोंब्या दिसतंय."

"मोठं करून बघूच नको," ती मान वर न करता म्हणाली. "ते लहान राहायलाच जन्मलंय."

रोज ती सहादेवाकडून एकेका नावाची पट्टी छापून आणायची, गडद निळ्यावर पांढरीच, मुद्दाम. चाचांच्या दुकानासमोरच्या भिंतीवर डकवायची आणि अंतर पावलांनी मोजायची. अठरा पावलं, तीस पावलं, रस्त्यापलीकडून पन्नास. डोळे बारीक करून बघायची. स्कूटरवरून जाताजाता बघायची. पहिल्या दिवशीची पट्टी तीस पावलांवर बुजली. 'ध' आणि 'घ' एकमेकांत गेले. दुसऱ्या दिवशी पस्तीस. शेवटची परीक्षा चाचांची. ते रस्ता ओलांडायचे, चष्मा काढून खिशात ठेवायचे आणि वाचायचे. "चष्मा काढून वाचता आलं तर बोर्ड," ते म्हणायचे. "चष्मा लावून वाचता आलं तर नुसता अर्ज." तिसऱ्या दिवशी चाचा चष्म्याविना पन्नास पावलांवरून 'भागवत' वाचून परत आले, ते काही बोललेच नाहीत. सरळ पाणी प्यायला गेले. हुमेरादी हसली. चाचा गप्प बसले म्हणजे पास.

सभेच्या सकाळी नवा फ्लेक्स स्टँडसमोरच्याच मंडपाबाहेर बांधून झाला. वर मोठा भाऊ, खाली चौदा धाकटे. मी आणि हुमेरादी बाजूला उभ्या होतो. मी तिला स्पष्ट सांगितलं, "तात्या पकडणार. वरची रेघ धाग्यासारखी, खालची दोरीसारखी. त्यांना काय दिसत नाही का? ते म्हणणार, आमाला परत दुसरंच अक्षर दिलं."

"नाही म्हणणार."

"हुमेरादी, मी तात्यांना तुझ्यापेक्षा जास्त ओळखते. मी त्यांची रोज नक्कल करून दाखवते. तोंड उघडलं की पहिलं वाक्य, 'ह्यो अन्याव हाय'."

"पैज?" ती फ्लेक्सवरची नजर न काढता म्हणाली. "पहिलं वाक्य असेल, 'आता कसं सारखं झालं.' शब्दाला शब्द."

"आणि 'मी काय म्हन्तो'?"

"ते वाक्य नाही, ते घसा साफ करणं आहे. ते सोडून."

मी हरले तर एक किलो मढीची रेवडी द्यायची आणि महिनाभर तात्यांचा आवाज काढायचा नाही. ती हरली तर तिनं माझं नाव खांबमध्ये करून द्यायचं, त्यातला 'स्कृ' कितीही छळो. माणसाचं पहिलं वाक्य काय असेल हे फॉन्टवालीला कुठून कळणार? मी लगेच टाळी दिली.

अकराला तात्या आले. मागे त्यांचे सहा जण. आत जायच्या आधी तात्या हायवे ओलांडून पलीकडे गेले, त्याच जागी, जिथे बाजाराच्या दिवशी उभे होते. हात कपाळावर. वाल्मिकभाऊ मंडपाच्या दारात घड्याळ बघत. सहादेवाची बडीशेप बंद. चाचांनी श्वास धरलेला, जणू रेघ चालू आहे. हुमेरादी मात्र तात्यांकडे बघतच नव्हती, 'भागवत'कडे बघत होती.

दोन टेम्पो आणि एक एसटी मधून गेली. मग तात्यांनी बोटानं हवेत एक रेघ ओढली, वरच्या 'सोनमाळ'च्या शिरोरेषेइतकी. मग खाली आपल्या नावाएवढी. एकदा वर, एकदा खाली. मी हुमेरादीचा हात दाबला. पकडलं!

तात्या रस्ता ओलांडून आले, तिच्यापुढे उभे राहिले आणि त्यांनी तोंड उघडलं.

"मी काय म्हन्तो..."

मी रेवडीची चव घ्यायला लागले होते.

"...आता कसं सारखं झालं."

हुमेरादीनं त्यांना तिथेच खरं सांगितलं. "तात्या, वरचं आणि खालचं अक्षर एक नाही. एकाच घरातलं आहे, पण खालचं तुमच्या नावांसाठी वेगळं काढलंय."

तात्यांनी हात झटकला. "ते तुमचं तुमी बघा. मला लांबनं सारखं दिसतंय आन् माझं नाव दिसतंय. आत चला."

आत चौदा हात वर झाले. तात्यांचा सगळ्यात आधी, कारण अध्यक्षांच्या आधी झाला पाहिजे. वाल्मिकभाऊ म्हणाले, "मंजूर. काय समजलं?" हुमेरादीनं मंडपाच्या खांबाला टेकून मोबाईल काढला, पुण्याला दोन ओळींचा मेल लिहिला, एकदा वाचला आणि पाठवून दिला. चाचा पाणी प्यायला गेले.

बाहेर आल्यावर मी तिला विचारलं, "तुला शब्दाला शब्द कसं कळलं?"

"तू त्यांचं बोलणं ऐकतेस," ती म्हणाली. "मी त्यांना काय दिसणार ते करत होते, चार दिवस. माणूस दिसतं तेच बोलतो."

रेवडी दिली. महिन्याचे अजून सतरा दिवस बाकी आहेत आणि तात्या रोज आमच्या दारावरून काहीतरी एवढं फर्मास बोलत जातात की माझी जीभ आतल्या आत वळवळते. हुमेरादी खिडकीतून बोट नाचवून दम देते. पैज आवाजाची होती, लिहिण्याबद्दल आमचं काही ठरलं नव्हतं, म्हणून तात्यांना निदान इथे तरी बोलू दिलं.